सातवी गणित: प्रत्यक्ष कामातून आकारिक मूल्यमापन करताना गुण नेमके कशाला द्यायचे?

सातवी_ब (प्रश्न)

नमस्कार. सातवीचा वर्ग, पट ४०, बहुतेक घरांत शेती. सहावीत झालेली शेकडेवारी आणि सातवीतले सम व व्यस्त प्रमाण या दोन्हींसाठी पहिल्या सत्राच्या आकारिक मूल्यमापनात एक खरेखुरे काम द्यायचे आहे. कार्डशीटवर रंगवलेला प्रकल्प नको. त्यात घरच्यांचा हात किती आणि मुलाचा किती, हे कळतच नाही.

प्रश्न असे: काम गटात केले तर प्रत्येक मुलाला वेगळे गुण कशावरून द्यायचे? प्रत्यक्ष मोजमापात प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे येते, मग बरोबर उत्तर कोणते धरायचे? आणि ३५ मिनिटांच्या तासिकांत हे सगळे बसवायचे कसे? सातवीला आकारिक (सत्रभर चालणारे) ४० आणि संकलित (सत्राअखेरचे) ६० अशी विभागणी आहे. त्या ४० पैकी १० गुण या कामाला ठेवता येतील.

---

रब्बी_खरीप

शेतीच्या गावात सप्टेंबरमध्ये करण्यासारखे सर्वांत चांगले काम म्हणजे हरभऱ्याच्या बियाण्याची उगवण चाचणी. रब्बीची पेरणी तोंडावर असते, घरचे बियाणे पोत्यात पडलेले असते, आणि ‘हे बी पेरावे का, पेरले तर किती’ हा प्रश्न घरात खरोखरच चाललेला असतो. उत्तरावर काहीतरी ठरणार असते, त्यामुळे मुलांना गणित कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही.

साहित्य: जुनी वर्तमानपत्रे, रबरबँड, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाणी आणि हरभरा. पाच-पाच मुलांचे आठ गट, प्रत्येक गटाला ५० दाणे, म्हणजे एकूण ४००. मध्यम दाण्याचा हरभरा असेल तर हे साधारण ८० ग्रॅम भरतात. सांडलवंड धरून शंभर ग्रॅम घ्या.

बियाणे घरचे, औषध न लावलेलेच हवे. दुकानातून आणलेल्या पिशवीतले रंगीत बियाणे थायरम किंवा तत्सम बुरशीनाशक लावलेले असते. ते मुलांच्या हातात अजिबात द्यायचे नाही. ही अट मोडायची वेळ आली तर काम रद्द करा.

पहिली पायरी नमुना घेण्याची, आणि अर्धे गणित इथेच आहे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढून एकत्र कालवायचे आणि त्यातून न निवडता सरसकट ५० दाणे मोजायचे. मुले हमखास टपोरे, गुळगुळीत दाणे वेचतात आणि किडके, सुरकुतलेले बाजूला सारतात. तसे केले की उगवण खोटी वाढते. शेतात पेरताना मात्र पाभर (पेरणीचे अवजार) दाणे निवडत बसत नाही. मुलांना आधी हे सांगू नका. नमुना काढताना कोण काय करते ते बघा आणि नोंद करा, कारण मूल्यमापन इथूनच सुरू होते.

वर्तमानपत्राची चार पदरी घडी पाण्यात बुडवून उभी धरायची आणि पाणी निथळू द्यायचे. थेंब पडायचा थांबला की कागद तयार. त्यावर दहाच्या पाच ओळी, दोन दाण्यांत दोन-अडीच सेंटिमीटर अंतर. वरून तसाच ओला कागद, सैलसर गुंडाळी, रबरबँड, पिशवीत घालून तोंड अर्धवट उघडे ठेवायचे आणि सावलीत उभी करायची. पिशवीवर गट क्रमांक आणि तारीख लिहायची.

काय बिघडते तेही सांगतो. कागद निथळू न देता दाणे मांडले तर दाण्याला हवा मिळत नाही आणि बी कुजते. हरभरा याबाबतीत फार नाजूक. दाणे रात्रभर भिजत घालण्याचा मोह मुलांना होतो, कारण घरी उसळीसाठी तसेच करतात. इथे ते टाळायचे. एकदम खूप पाणी शोषले तर आतल्या डाळिंब्यांना इजा होते. गुंडाळी उन्हात राहिली तर दुसऱ्याच दिवशी कडा वाळतात आणि काठावरची ओळ उगवत नाही. आठही गटांत काठाच्याच ओळी रिकाम्या दिसल्या तर दोष बियाण्याचा नाही, मांडणीचा आहे.

सोमवारी मांडले तर पाचवा दिवस शनिवारी येतो आणि आठवा पुढच्या मंगळवारी. हरभऱ्याची पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची आठव्या दिवशी. मधला रविवार पिशवीतला ओलावा सांभाळून घेतो. शनिवारी मोजणी झाल्यावर हलका शिपका मारला की पुरे.

मोजताना फक्त मोड दिसला म्हणजे उगवले असे धरायचे नाही. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तोच सशक्त अंकुर. नुसते मूळ फुटून थांबलेले, पिळवटलेले किंवा कोंब मोडलेले अंकुर वेगळ्या रकान्यात. कुजलेले वेगळे, कडक राहिलेले वेगळे.

---

मोजपट्टी

वरच्या पद्धतीत एक भर. पाचव्या दिवशी मोजलेले सशक्त अंकुर गुंडाळीतून काढून टाकायचे. नाहीतर आठव्या दिवशी तेच पुन्हा मोजले जातात आणि ५० दाण्यांतून ७० अंकुर निघतात.

नोंदतक्ता प्रत्येक मुलाच्या वहीत स्वतंत्र हवा, गटाचा एकच कागद नको. रकाने असे: पाचव्या दिवशीचे सशक्त, आठव्या दिवशीचे आणखी सशक्त, असशक्त, कुजलेले, कडक, एकूण. उदाहरणार्थ ३६, ५, ३, ४, २, एकूण ५०. उगवण ४१ भागिले ५०, म्हणजे ८२ टक्के. एकूण ५० आलेच पाहिजे. हा ताळा मुलाने स्वतः घेतला की नाही, हे दोन सेकंदांत दिसते.

आता ‘बरोबर उत्तर कोणते’ याबद्दल. आठ गटांचे सशक्त अंकुर समजा ४१, ४४, ३९, ४३, ४२, ४५, ४०, ४२ असे आले. एकाच पोत्यातले बी असूनही एक गट ७८ टक्के म्हणतो आणि दुसरा ९०. यात कोणीही चुकलेले नाही. ज्या बियाण्याची खरी उगवण ८५ टक्के आहे त्यातून ५० दाणे उचलले, तर बहुतेक वेळा उत्तर ७५ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पडते. १०० दाणे घेतले तर ७८ ते ९२, आणि ४०० घेतले तर साधारण ८१ ते ८९. पन्नासांत एक अंकुर इकडचा तिकडे झाला तरी दोन टक्क्यांचा फरक पडतो.

म्हणून गटाचा आकडा वर्गाच्या सरासरीच्या किती जवळ आला यावर एकही गुण ठेवू नका. तसा ठेवला की मुले शेजारच्या गटाचा आकडा बघून आपला दुरुस्त करतात, आणि तुमच्याकडे आठ एकसारखे, निरुपयोगी तक्ते येतात. आकडे खरे असतील तर ते विखुरलेलेच असतात. आठही गटांचे ४२ किंवा ४३ आले तरच शंका घ्यायला हवी.

सगळे मिळून ३३६ भागिले ४००, म्हणजे ८४ टक्के. हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्याला किमान ८५ टक्के उगवण लागते. मग हे बी नापास का? वर्गात विचारण्यासारखा सर्वांत चांगला प्रश्न हाच. ‘४०० दाण्यांच्या चाचणीत एका टक्क्याच्या फरकावरून बी वाईट ठरवता येत नाही’ इथपर्यंत एखादे मूल स्वतः पोहोचले, तर त्याची नोंद जरूर ठेवा. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणात ही समज तपासली जात नाही.

---

सातवी_ब

रब्बी_खरीप सर, मोजपट्टी ताई, मनापासून धन्यवाद. शेकडेवारी कळली. यात व्यस्त प्रमाण कुठे येते आणि वैयक्तिक गुणांचे काय, एवढे सांगाल का?

---

मोजपट्टी

व्यस्त प्रमाण पेरणीच्या दरात येते. विजयसारख्या मध्यम दाण्याच्या वाणाला हेक्टरी ६५ ते ७० किलो बियाणे लागते. ७० किलो हे ८५ टक्के उगवणीसाठी धरू. उगवण ७५ टक्केच निघाली तर तेवढीच रोपे उभी राहायला किती बियाणे लागेल?

उत्तर ७० गुणिले ८५ भागिले ७५, म्हणजे ७९.३३ किलो. मात्र मुलांच्या कागदांवर तीन वेगवेगळी उत्तरे येतात आणि प्रत्येकामागचा विचार वेगळा असतो. ६१.७६ लिहिणाऱ्याने समप्रमाण लावले. गुणाकार-भागाकार बिनचूक, पण कमी उगवणारे बी कमी पेरायचे असा अर्थ झाला हे त्याच्या लक्षात आले नाही. ७७ लिहिणाऱ्याने ‘दहा टक्के कमी उगवले, दहा टक्के जास्त टाकू’ असा विचार केला. दिशा बरोबर, पण ७७ चे ७५ टक्के ५७.७५ होतात आणि हवे आहेत ७० चे ८५ टक्के, म्हणजे ५९.५. या मुलाला टक्क्यांची वजाबाकी आणि प्रमाण यांतला फरक शिकवायचा आहे. ६१.७६ वाल्याला मात्र आधी अंदाज करायला शिकवायचे आहे. लेखी चाचणीत दोघांनाही शून्य मिळाले असते आणि पुढे काय शिकवायचे ते कळले नसते.

म्हणून प्रश्नातच एक ओळ घाला: ‘गणित करण्यापूर्वी लिही: ७० पेक्षा जास्त लागेल की कमी? का?’ या ओळीला वेगळा गुण.

वैयक्तिक गुणांसाठी आठव्या दिवसानंतरच्या तासिकेत १५ मिनिटांचे एकट्याने लिहायचे पान द्यायचे. गटात झालेले काम, पण आकडे नवे. तीन प्रश्न पुरतात.

पहिला: दुसऱ्या शाळेचा अर्धवट तक्ता. ५० दाणे, पाचव्या दिवशी ३१, आठव्या दिवशी आणखी ६, असशक्त ५, कुजलेले ६. कडक किती, उगवण किती टक्के? (२ आणि ७४ टक्के. ज्याला ८४ मिळाले त्याने असशक्तही धरले.)

दुसरा: वरचा पेरणीदराचा.

तिसरा: एका गटाने टपोरे दाणे निवडून चाचणी केली आणि ५० पैकी ४८ उगवले. हा आकडा वर्गाच्या बेरजेत घ्यायचा का? कारण लिहा.

दहा गुणांची वाटणी मी अशी करेन: नमुना आणि मांडणी ३, स्वतःच्या वहीतली नोंद २, गणित ३, कारण सांगणे २. यातले फक्त पहिले ३ गटाचे. गटात कोणी काहीच केले नाही तरी त्याला फुकटचे तीनपेक्षा जास्त मिळत नाहीत, आणि कष्टाळू मुलाचे गटामुळे तीनपेक्षा जास्त जात नाहीत.

प्रत्येक गुणाचा अर्थ आधी लिहून ठेवा. ‘चांगले’, ‘बरे’ असे शब्द कामाचे नाहीत. नमुन्याचे ३ म्हणजे पोत्याच्या तीन ठिकाणचे बी, न निवडता मोजलेले, कागद निथळलेला. २ म्हणजे यातली एक गोष्ट राहिली. १ म्हणजे दाणे निवडले, पण विचारल्यावर चूक ओळखली. निकष फळ्यावर पहिल्या दिवशीच लिहा. फक्त ‘न निवडता’ हे शब्द नमुना काढून झाल्यावर घाला, नाहीतर मुले निकष वाचून वागतील आणि खरे वागणे दिसणार नाही.

पाने तपासताना पाच पाने सहकाऱ्याला द्या, निकषही द्या, तुमचे गुण सांगू नका. एखाद्या निकषावर दोघांत एकापेक्षा जास्त गुणाचा फरक पडला तर तो निकष मोघम आहे, वाक्य बदला. अर्ध्या तासाचे काम आहे. पण पालकांनी विचारले तर प्रत्येक गुणाचे कारण सांगता येते.

---

नळकोंडाळे

शहरातल्या वाचकांसाठी: शेती नसेल तर हाच साचा गळणाऱ्या नळाला लावता येतो. शाळेतला गळका नळ, मोजपात्र, घड्याळ. ५ मिनिटांत ६० मिलिलिटर जमले तर तासाला ७२० मिलिलिटर, दिवसाला १७.२८ लिटर, तीस दिवसांत ५१८ लिटरच्या वर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे महिन्याची ही गळती एका माणसाच्या जवळजवळ चार दिवसांच्या पाण्याइतकी.

इथे चुका वेगळ्या. ३० सेकंदच मोजले तर घड्याळ दाबण्यातला एक सेकंद म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. ५ मिनिटे मोजले तर तीच चूक ०.३ टक्क्यांवर येते. मोजपात्र हातात धरून वाचतात. ते सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीला आणायला हवा. आणि सर्वांत मोठी चूक गृहीतकाची. नळ थेट पालिकेच्या वाहिनीवर असेल आणि पाणी दिवसाला एकच तास येत असेल, तर २४ ने गुणायचे नाही. टाकीवरचा नळ असेल तर गुणायचे. हे ज्या मुलाने स्वतःहून विचारले त्याला कारण सांगण्याचे पूर्ण गुण द्या, पुढचा गुणाकार चुकला तरी. त्या चुकीबद्दलचा गुण गणिताच्या रकान्यात कापला जाईलच.

एकाच नळाचे प्रत्येक गटाने तीनदा वाचन घ्यायचे. दाब बदलतो, म्हणून वाचने थोडी वेगळी येतात. सरासरी काढायचे कारण इथे आपोआप समजते.

---

वर्णनात्मक_नोंद

तासिकांचा हिशेब कोणी दिला नाही म्हणून लिहिते. पहिली तासिका नमुना आणि मांडणी. शनिवारी अर्धी तासिका पहिली मोजणी. मंगळवारी एक तासिका शेवटची मोजणी आणि वर्गाची बेरीज. बुधवारी १५ मिनिटे एकट्याचे पान, उरलेल्या २० मिनिटांत चर्चा. म्हणजे साडेतीन तासिका. मधल्या दिवसांत नेहमीचा पाठ चालू राहतो.

याच मधल्या दिवसांत तोंडी काम उरकून घ्या. प्रत्येकाला दीड मिनिट धरले तरी ४० मुलांचा एक तास होतो. रोज आठ मुले, १२ मिनिटे, पाच दिवसांत सगळा वर्ग. प्रश्न एकच पुरे: ‘तुमच्या गटाचे आणि शेजारच्या गटाचे उत्तर वेगळे आले तर तू काय करशील?’ ‘पुन्हा मोजू’, ‘त्यांचे चुकले’, ‘दोन्ही मिळवून बघू’ ही तीन उत्तरे तीन वेगळ्या पातळ्यांची आहेत.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही आकारिक मूल्यमापनाची वेगवेगळी साधनतंत्रे आहेत. एकाच कामातून तोंडी काम आणि प्रात्यक्षिक अशा दोन नोंदी घ्यायला हरकत नाही. फक्त एकाच गोष्टीला दोन्हीकडे गुण पडू देऊ नका.

वर्णनात्मक नोंदीत ‘प्रकल्पात उत्साहाने भाग घेतो’ असे लिहिले तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला त्यातून काही मिळत नाही. असे लिहा: ‘व्यस्त प्रमाण ओळखते, अंदाज बरोबर करते, दशांश अपूर्णांकाच्या भागाकारात अडते.’ किंवा ‘तक्ता अचूक भरतो, ताळा घेत नाही.’ दोन वाक्ये पुरतात, पण एक जमलेल्या गोष्टीचे आणि एक अडलेल्या गोष्टीचे असू द्या.

---

सातवी_ब

दोन शंका राहिल्या. मधल्या दिवशी गैरहजर राहणारी मुले असतात, आणि दोघांना लिहिणे फार जड जाते, बोलणे चांगले आहे. त्यांचे पान कसे तपासायचे?

---

वर्णनात्मक_नोंद

लिहिणे जड जाते त्यांचे पान तोंडी घ्या आणि त्यांचे शब्द तुम्ही जसेच्या तसे उतरवा. आपण इथे प्रमाणाची समज मोजतो आहोत, अक्षर नाही. फक्त तक्ता त्यांनी स्वतः भरायचा. त्यात आकडेच असतात. मदत केली असेल तर पानावर ‘तोंडी घेतले’ एवढे लिहून ठेवा.

गैरहजर मुलासाठी मांडणीच्या दिवशी शिक्षकाने एक जास्तीची गुंडाळी करून ठेवावी, ५० दाण्यांची. परत आल्यावर तो ती उघडून मोजतो. ही गुंडाळी वर्गाच्या ४०० मध्ये धरायची नाही. नमुन्याचे तीन गुण त्याला त्याच पोत्यातून पुन्हा ५० दाणे काढायला सांगून देता येतात. दोन मिनिटे लागतात.

---

रब्बी_खरीप

एक सूचना राहिली होती. बियाणे कोणाच्या घरचे हे वर्गात जाहीर करू नका, पिशवीवर ‘अ’, ‘ब’ असे लिहा. कमी उगवण निघाली तर त्या मुलाला उगाच ओशाळल्यासारखे होते. निकाल त्या घरी मात्र नक्की पोहोचवा, मुलाच्याच हातची चिठ्ठी: किती दाणे, किती दिवस, किती उगवले, हेक्टरी किती बियाणे लागेल, एकरी किती. ७९.३३ किलो भागिले अडीच केले की एकरी ३१.७ किलो. घरी शेताचे माप एकरात आणि गुंठ्यात बोलतात, त्यामुळे हे रूपांतर ज्याने न सांगता केले त्याचीही नोंद घ्या.

आणि चिठ्ठीवर ‘शाळेतली चाचणी’ असे स्पष्ट लिहू द्या. उगवण ७० टक्क्यांच्या खाली आली तर पुन्हा ४०० दाण्यांची चाचणी करायला सांगा, आणि तरीही कमी आली तर सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) पाठवा. अधिकृत तपासणीसाठी पुणे, परभणी आणि नागपूर इथे शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत. तिथे नमुना पाठवायचा तर वेळ लागतो, म्हणून वर्गातली चाचणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका.